पेटीचा पत्ता

गेल्या गणपतीत धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या मंडळाने मला मुलांसमोर अर्धा तास बोलायला सांगितलं. विषय ‘इतिहासातली रहस्यं’. मी अर्थातच टेम्पलर निवडले. पांढरा झगा, त्यावर लाल क्रूस, जेरुसलेमच्या मंदिराखाली गुप्त खोदकाम आणि हाती लागलेली सोन्याने मढवलेली पेटी, म्हणजे बायबलमधला कराराचा कोश. ती पेटी मग फ्रान्समध्ये गेली, की स्कॉटलंडमध्ये, की समुद्रापार? मुलं तोंड उघडं टाकून ऐकत होती. मीही रंगात आलो होतो.

शेवटी आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. “काका, पण त्यांनी खोदलं हे कोणी लिहून ठेवलंय?”

मी “बऱ्याच अभ्यासकांचं असं मत आहे” असं काहीतरी पुटपुटलो आणि आरतीची वेळ झाली म्हणून सुटलो. घरी येऊन शोधायला बसलो, तेव्हा लाज वाटायला लागली.

टेम्पलर हे लढणारे साधू. सन १११९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये त्यांचा संघ उभा राहिला. राजाने त्यांना मंदिराच्या टेकडीवर, अल-अक्सा मशिदीत जागा दिली; युरोपीय लोक त्या इमारतीला सॉलोमनचं मंदिर म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. सुरुवातीला ते नऊच जण होते आणि नऊ वर्षं नऊच राहिले, असं टायरचा विल्यम हा इतिहासकार काही दशकांनी लिहितो. खोदकामाबद्दल त्याने अवाक्षर काढलेलं नाही. व्हिडिओवाले मात्र इथेच बोट ठेवतात: नऊ जण नऊ वर्षं करत तरी काय होते? मग कुदळ त्यांच्या हातात आपणच द्यायची.

त्यात पेटीचा काळ बघा. बॅबिलोनच्या सैन्याने पहिलं मंदिर जाळलं ते इसवी सनापूर्वी ५८७ च्या आसपास. लुटून नेलेल्या भांड्याकुंड्यांची यादी बायबलमध्येच आहे. तिच्यात पेटीचं नाव नाही. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी दुसरं मंदिर पाडलं. रोममधल्या टायटसच्या कमानीवर ती लूट कोरलेली दिसते. सात फांद्यांचा दिवा आहे, कर्णे आहेत, पेटी नाही. म्हणजे टेम्पलर येण्याच्या सतराशे वर्षं आधीपासून तिचा ठावठिकाणा नव्हता.

१३ ऑक्टोबर १३०७ रोजी फ्रान्सच्या राजाने टेम्पलरांची धरपकड केली, १३१२ मध्ये पोपने संघच बरखास्त केला. त्यांचं घबाड बोटींतून पसार झालं ही गोष्ट इथूनच फुटते. खरी हकिगत मला जास्त मजेशीर वाटते, कारण ती आपल्या दारापर्यंत येते. पोर्तुगालच्या राजाने १३१९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ ख्राइस्ट’ हा नवा संघ काढवून घेतला आणि टेम्पलरांची तिथली मालमत्ता त्याला मिळाली. या संघाचा लाल क्रूस पुढे पोर्तुगीज गलबतांच्या शिडांवर चढला आणि ती गलबतं गोव्यात, चौलात, वसईत आली.

पेटी त्यांनी आणली नाही. पण गोव्यात खरोखर एक अवशेष हरवला होता. तो टेम्पलरांनी नव्हे, ऑगस्टिनियन पंथाच्या साधूंनी ठेवला होता, आणि ठेवताना लिहूनही ठेवलं होतं.

केतेवान ही जॉर्जियातल्या काखेतीची राणी. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये दहाएक वर्षं कैदेत ठेवलं आणि धर्म सोडत नाही म्हणून १६२४ मध्ये हाल करून मारलं. शिराझमधल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले. काही जॉर्जियात तिच्या मुलाकडे पोहोचवले. उजव्या हाताचं हाड १६२७ मध्ये गोव्याला आणलं. पोर्तुगीज कागदपत्रांत जागा नेमकी दिली आहे: मठातलं सभा-प्रार्थनागृह, दुसरी खिडकी, दगडी पेटी.

मग १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मठ बंद पाडले. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग. उरला तो जुन्या गोव्यातला जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा, ज्याच्यासमोर सगळे सेल्फी काढतात. मीही काढलाय, कॉलेजच्या सहलीत. खाली काय गाडलं गेलं होतं याचा पत्ता नव्हता.

जॉर्जियाचे लोक ही राणी शोधत गोव्यापर्यंत आले. संत मानतात ते तिला. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून भारतीय पुरातत्त्व खातं कागदातल्या त्या खिडकीच्या मागावर ढिगारा उपसत होतं, आणि २००४ मध्ये हाताचं एक लांब हाड मिळालं. त्या शोधात आणखी दोन हाडंही हाती लागली. इथे मी असतो तर ढोल वाजवून मोकळा झालो असतो. त्यांनी हाडं हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत पाठवली. लांब हाड बाईचं निघालं आणि त्यातल्या डीएनएत आईकडून येणारा यू१बी हा वंशगट सापडला. भारतीयांच्या हजारो नमुन्यांत तो कुठेच नव्हता. तुलनेसाठी घेतलेल्या जॉर्जियातल्या नमुन्यांत होता. बाकी दोन हाडांचे वंशगट मात्र भारतीय निघाले. ती दुसऱ्याच कोणाची तरी.

एवढं झाल्यावरही शास्त्रज्ञांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच शब्द घातला, ‘बहुधा’. हे हाड बहुधा राणी केतेवानचं. पंधराएक वर्षं खणून हाती आलेल्या गोष्टीला! आणि मी एका व्हिडिओच्या जोरावर अर्धा तास ठणकावून बोललो होतो.

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्या अवशेषाचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला. जवळपास चारशे वर्षांनी राणीचा हात घरी गेला.

ती मुलगी परवा लिफ्टमध्ये भेटली. सातव्या मजल्यापर्यंत जमेल तेवढी गोष्ट सांगितली, आणि गणपतीत जे बोललो ते कोणीही लिहून ठेवलेलं नाही, हेही सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं.

“मग हा हात नक्की तिचाच ना, काका?”

“बहुधा,” मी म्हणालो.

“बरं,” असं म्हणून ती उतरली.