डोक्यातले पाणी

गंगाखेडला गंगेच्या घाटावर उतरताना माझे थोरले काका पायरीपायरीला अडू लागले, तेव्हा आम्ही म्हटले, वय झाले. पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे उचले. मग विसर वाढला, आणि पुढे लघवीचाही धरबंध राहिना. परभणीच्या डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन काढविला. मेंदूतील पोकळ्या फुगलेल्या दिसल्या. मोठ्या शहरातले एक शल्यविशारद म्हणाले, "नळी बसवा, चालू लागतील." दुसरे म्हणाले, "म्हातारपणी मेंदू आक्रसतो, म्हणूनही पोकळी मोठी दिसते. उगीच डोक्याला छिद्र कशाला?" दोघेही विद्वान. मी कथा-कादंबऱ्या लिहिणारा मास्तर! निर्णय मात्र आमच्या ओसरीवरच व्हायचा होता. म्हणून या वादाचे मूळ शोधू लागलो.

ते सापडले दूर कोलंबियातील बोगोता शहरी. 1957 साली तेथे सालोमोन हकीम या शल्यविशारदांकडे सोळा वर्षांचा एक मुलगा होता. मोटार-अपघातात डोक्याला मार लागून शुद्ध हरपलेला. पोकळ्या मोठ्या, पण पाण्याचा दाब नेहमीइतकाच! दाब वाढलेला नाही तर पाणी काढायचे कशाला, अशी त्या काळची समजूत. हकीमांनी तपासणीपुरते थोडे पाणी काढले, आणि मुलगा बोलू लागला. पुढे नळी बसविली आणि तो शाळेत परतला. मास्तराच्या मनाला ही हकिकत किती गोड वाटली म्हणून सांगू!

हकीमांचे स्पष्टीकरण आमच्या वर्गातल्या फळ्यावरचेच होते: दाब तोच राहिला, तरी क्षेत्रफळ वाढले की एकूण बल वाढते. 1965 साली त्यांनी बोस्टनच्या रेमंड ॲडम्स यांच्यासह हा रोग जगापुढे मांडला.

मग उत्साहाला पूर आला. डोक्यातले पाणी कातडीखालून पोटात नेणारी नळी अनेकांना बसविली गेली. काही उठून चालू लागले. काहींना काडीचा गुण आला नाही, उलट रक्तस्राव आणि जंतुदोष पदरी पडला. वैद्य सावध झाले. कमरेतून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून चाल सुधारते का, हे पाहण्याची रीत पडली. पण सुधारली नाही म्हणून नळीचा गुण येणारच नाही, असेही म्हणता येईना.

2025 साली एका प्रयोगाचा निकाल आला. 99 रुग्णांना नळी बसविली. मात्र काहींच्या नळीची झडप अशी ठेवली की पाणी जवळजवळ वाहूच नये. तीन महिन्यांनी, ज्यांचे पाणी वाहत होते त्यांची चाल स्पष्ट सुधारली. स्मरणाचा व लघवीचा फरक मात्र तेवढा दिसला नाही, आणि मेंदूच्या आवरणाखालचा रक्तस्राव त्यांच्यातच अधिक झाला. म्हणजे साठ वर्षांनी संशय फिटला तो निम्माच.

हे सारे मी काकांना वाचून दाखविले. काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आठवण राहू दे रे. मला घाट उतरायचाय."

कमरेतले पाणी काढल्यावर ते काठीविना तुळशीपर्यंत गेले. मग नळी बसली. यंदा पोळ्याला बैलांमागून काका आपल्या पायांनी वेशीपर्यंत चालत गेले. बैलांची नावे त्यांनी बिनचूक घेतली. मला मात्र माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली, आणि मी ओ दिली.