आरशांचा गोळा

१७ मार्च १९५८ची सकाळ. तुम्ही फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलला उभे आहात. डिसेंबरात इथेच व्हॅनगार्ड रॉकेट जेमतेम मीटरभर उठलं आणि टीव्ही कॅमेऱ्यांसमोर तळावर कोसळून जळालं. आज त्याच जातीचं रॉकेट सरळ वर जातं. त्याच्या टोकाशी आहे दीड किलोचा, १६.५ सेंटीमीटर व्यासाचा एक गोळा. अंगावर सौर घट, आत छोटेसे रेडिओ प्रक्षेपक.

लगेच पुढच्या वर्षात चला. जॉन ओकीफ, अ‍ॅन एकल्स आणि केन स्क्वायर्स या गोळ्याच्या कक्षेचे आकडे घेऊन बसलेत. कक्षेचा लांबटपणा ठरावीक लयीत कमीजास्त होतोय. त्याला एकच कारण लागू पडतं: पृथ्वीचे उत्तर आणि दक्षिण भाग सारखे नाहीत. उत्तर ध्रुवाकडे ती किंचित पुढे आलेली, दक्षिणेकडे किंचित दबलेली. म्हणजे बारीकसा पेरूचा आकार. हा फरक काही मीटरांचाच आहे. भूमापक विल्यम लॅम्बटन पृथ्वीचा आकार शोधत दक्षिणेकडून साखळ्या ओढत निघाले आणि १८२३ साली आपल्या हिंगणघाटला देह ठेवून गेले. त्यांना हयातभर जे जमिनीवरून दिसणं शक्य नव्हतं, ते मुठीपेक्षा थोड्या मोठ्या गोळ्याने वर्षभरात दाखवलं.

३१ ऑक्टोबर १९६४. मेरिलँडचं गोडार्ड केंद्र. इथे क्षणभरच थांबा. सूर्यप्रकाशात चमकणारा एक्सप्लोरर-२२ उपग्रह नजरेने धरून ठेवत हेन्री प्लॉटकिन यांचा गट त्याच्यावर माणिक लेसरचे लाल झोत सोडतोय. काही किरण परत आले. जाण्यायेण्याला लागलेला वेळ मोजला की अंतर मिळालं. मोजणी अजून काही मीटरांनी चुकते, पण वाट सापडली.

आता १९७६मध्ये या आणि घाई करू नका. उड्डाणाआधीच्या लेजिऑस या उपग्रहापाशी तुम्हाला उभं राहता येतंय. गोळा ६० सेंटीमीटरचा, वजन सुमारे ४०० किलो. बाहेर अ‍ॅल्युमिनियमची दोन अर्धगोल कवचं, पोटात पितळेचा भरीव गाभा. सगळा अ‍ॅल्युमिनियमचा केला असता तर हलका पडला असता, सगळा पितळेचा केला असता तर रॉकेटला पेलला नसता. पृष्ठभागावर ४२६ खळगे आणि प्रत्येकात एक कोपरा-लोलक: ४२२ शुद्ध सिलिका काचेचे, ४ जर्मेनियमचे. एकात वाकून बघा. तुमचाच डोळा तुमच्याकडे बघतोय. डावीकडे सरका, तोही सरकतो. एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन पृष्ठभागांचा हा गुण आहे: किरण ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो परत जातो, गोळा कसाही फिरत असो.

आता जे नाही ते बघा. बॅटरी नाही, अँटेना नाही, इंजिन नाही, कॅमेरा नाही. बिघडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. उपग्रहांच्या साऱ्या इतिहासात मला हा निर्णय सर्वांत धाडसाचा वाटतो. सगळी हुशारी जमिनीवर ठेवायची आणि वर फक्त एक खात्रीचा बिंदू टांगायचा. आकार लहान आणि वजन भारी, कारण सूर्यप्रकाशाचा दाब नि उरलीसुरली हवा त्याला ढकलू नये.

आत एक स्टीलची पट्टिका आहे, कार्ल सेगन यांनी रेखाटलेली. तिच्यावर पृथ्वीचे तीन नकाशे आहेत. पहिला २६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा: सगळे खंड एकत्र. तेव्हा आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जन्मालाही यायचा होता. तो जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. दुसरा नकाशा आजचा. तिसरा ८४ लाख वर्षांनंतरचा, कारण गोळा साधारण तेव्हा खाली येईल असा हिशेब आहे. चौऱ्याऐंशी लाख! आपल्याकडे एवढ्या योनींचा फेरा सांगतात.

४ मेला व्हँडेनबर्गहून डेल्टा रॉकेट सुटतं आणि गोळा सुमारे ५,९०० किलोमीटर उंचीवर फिरू लागतो. तो डोक्यावर असताना प्रकाशाला जाऊन यायला सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. हा वेळ एका अब्जांश सेकंदाने चुकला तर अंतर १५ सेंटीमीटरांनी चुकतं, म्हणून पुढची अनेक वर्षं घड्याळं आणि लेसर सुधारण्यात जातात. मग वेगवेगळ्या खंडांवरची केंद्रं याच गोळ्यावर नेम धरतात, आणि वर्षाला काही सेंटीमीटर सरकणारे खंड आकड्यांत पकडले जातात. पट्टिकेवरचा तिसरा नकाशा घडताना दिसू लागतो.

मोजणी इतकी बारीक होते की गोळा दिवसाला सुमारे १ मिलिमीटर खाली येतोय हेही कळतं. हवा तर तिथे जवळजवळ नाहीच! डेव्हिड रुबिनकॅम उत्तर शोधतात: पृथ्वीकडून येणाऱ्या उष्णतेने लोलक तापतात, ती उष्णता थोडी उशिरा बाहेर टाकतात, आणि तेवढाच इवलासा उलटा धक्का बसतो.

१९९२मध्ये कोलंबिया शटलमधून इटलीने बांधलेला जुळा गोळा, लेजिऑस-२, वर जातो. २००४मध्ये इग्नाझिओ चुफोलिनी आणि एरिकोस पाव्हलिस दोघांच्या कक्षा पडताळून सांगतात की फिरणारी पृथ्वी भोवतालचं अवकाशच सोबत ओढते. लेन्स आणि थिरिंग यांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांतावरून १९१८मध्ये काढलेलं हे अनुमान; त्याने कक्षेची पातळी वर्षाला जेमतेम दोन मीटर सरकते.

शेवटचा मुक्काम फ्रेंच गयानातलं कूरू, १३ जुलै २०२२. व्हेगा-सी रॉकेटवर असाच आणखी एक गोळा, लारेस-२, बसलाय. त्याच्या कक्षेचा कल सुमारे ७० अंश ठेवलाय, कारण लेजिऑसचा ११० आहे. दोन्ही मिळून १८० झाले की पृथ्वीच्या फुगवट्यामुळे दोन्ही कक्षांवर होणारे परिणाम एकमेकांना रद्द करतात आणि आइन्स्टाइनचा तेवढा उरतो. या नव्या गोळ्याचा जोडीदार तोच, १९७६चा.