पायरीवर पाय ठेवताना

वर्गात खिडकीबाहेर बघत बसलेल्या मुलाला आपण हटकतो; मीही हटकतो. आंरी प्वांकारेचा अनुभव मात्र विचारात पाडतो. १८८० च्या सुमारास हा फ्रेंच गणिती नॉर्मंडीत शिकवत होता. एका नव्या प्रकारच्या फलनांपायी पंधरा दिवस तो रोज टेबलाशी बसून झगडला. पुढे भूशास्त्राच्या सहलीला गेला आणि गणित पार विसरला. कूतांस गावी घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताच त्याला उमगले, की या फलनांसाठी आपण वापरलेली रूपांतरणे अयुक्लिडीय भूमितीतलीच आहेत! अर्थात, आधी नेटाने कष्ट केल्याखेरीज असे काही सुचत नाही, हेही त्याने १९०८ मध्ये लिहून ठेवले. त्या दिवशी तो गाडीत बसला आणि अर्धवट राहिलेल्या गप्पांत रमला. पडताळणी केली ती घरी परतल्यावर, सवडीने.