हाली, कळदार आणि अर्धा ऐन

तर झालं असं, की आजी गेल्यानंतर लातूरला मामांच्या घरी तिची ट्रंक उघडली आणि तळाशी, दोन लुगड्यांच्या खाली, खादीची एक छोटी थैली निघाली. तोंड नाडीनं घट्ट बांधलेलं. आत चौदा नाणी. अकरा चारमिनारचे रुपये, दोन चौकोनी आणे आणि पंचम जॉर्जचं डोकं असलेला एक रुपया. मामांनी रुपये तळहातावर घेऊन वजनाचा अंदाज केला आणि म्हणाले, "चांदी हाय बाबा. गंजगोलाईत नेऊन वितळवू, नातीला पैंजण होतील."

मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. ऑफिसात मॅनेजरकडे मागतो तशीच.

मुदत का मागितली ते सांगायचं तर आधी माझ्या एका खर्चिक वेडाबद्दल कबुली द्यावी लागेल. नोकरी लागल्यावर काही वर्षं मी प्रूफ नाणी जमवत होतो. प्रूफ म्हणजे बाजारात फिरण्यासाठी न पाडलेलं, खास संग्राहकांसाठीचं नाणं. साचे घासून आरशासारखे करतात, नाण्याची चकतीही चकचकीत करतात आणि एकाच नाण्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाब देतात. म्हणून पृष्ठभागात तुमचा चेहरा दिसतो आणि चित्र मात्र धुक्यासारखं पांढरट उठून येतं. मुंबई टांकसाळीच्या जुन्या प्रूफ नाण्यांवर सालाखाली 'बी' असे, १९९६ पासून तिथे 'एम' आला. आता इतक्या काळजीनं केलेल्या नाण्यात चूक राहिली तर ती दुर्मीळ असणारच, आणि आमच्या जमातीला नेमकी तीच हवी असते. दिवसभर दुसऱ्यांचे बग शोधायचे आणि शनिवारी बग विकत घ्यायचे, असा प्रकार.

यात एक भेद महत्त्वाचा. चूक म्हणजे एखाद्या नाण्यापुरता अपघात: ठसा सरकला, चकती अर्धीच साच्यात गेली, दुसऱ्याच किमतीच्या चकतीवर छाप पडली. प्रकारभेद म्हणजे साचाच वेगळा, त्यामुळे त्यातून निघालेली सगळी नाणी तशीच. पहिला रनटाइमचा दोष, दुसरा सोर्स कोडमधला. चूक घरी कानस आणि शिसं वापरून बनवताही येते. मी एका प्रदर्शनात 'दोन्ही बाजूंना छापा' असलेलं नाणं घेतलं होतं, ते दोन नाणी तासून आतून जोडलेलं निघालं. किती पैसे गेले ते बायकोला अजून माहीत नाही, त्यामुळे इथेही लिहीत नाही. प्रकारभेद घरी बनवणं त्यामानानं अवघड. म्हणून मी हळूहळू तिकडे वळलो, आणि थैलीतले चारमिनार बघून माझे कान टवकारले ते त्यामुळेच.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. नांदेड, लातूर, परभणी, बीड, औरंगाबाद, उस्मानाबाद हा सगळा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता (लातूर जिल्हा तेव्हा नव्हता, तो उस्मानाबादेतून १९८२ ला निघाला). संस्थानाचं चलन स्वतःचं. १९१८ पासून तर नोटासुद्धा स्वतःच्या, ज्यांच्यावर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम लिहिलेली असे. लोक या पैशाला 'हाली' म्हणत आणि इंग्रजी रुपयाला 'कळदार'. हाली म्हणजे सध्याचा, चालू. कळदार म्हणजे कळीवर, म्हणजे यंत्रावर पाडलेला. हातानं ठोकलेल्या जुन्या नाण्यांच्या काळात पडलेलं हे नाव. पुढे १९०३ मध्ये हैदराबादच्या सैफाबादला यंत्रांची टांकसाळ सुरू झाली आणि हालीही तितकाच कळदार झाला, पण नावं काही बदलली नाहीत.

भाव सात हालीला सहा कळदार. सरकारी हिशेबात हे कसं लिहीत, तर शंभर कळदार म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. हा आकडा मला आधी कुणीतरी वैतागून ठरवल्यासारखा वाटला होता. मग वजनं घेऊन बसलो. हाली रुपया ११.१७८ ग्रॅमचा, त्यात चांदी ८१.८ टक्के, म्हणजे ९.१४ ग्रॅम शुद्ध चांदी. कळदार ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे १०.६९ ग्रॅम. भागाकार करा, ०.८५५ येतं. सहा भागिले सात ०.८५७. म्हणजे तो वेडावाकडा वाटणारा भाव मुळात चांदीचाच भाव होता!

हे गणित आजीच्या वडिलांना तोंडपाठ असणार. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली. गाडीच्या एका टोकाला इंग्रजांचा बार्शी-सोलापूरचा मुलूख, तिथे कळदार, दुसऱ्या टोकाला लातूरचा बाजार, तिथे हाली. एकाच दिवसात दोन चलनांत सौदा करायचा, आणि कॅलक्युलेटर नाही. आजी सांगायची की तिचे वडील रात्री हिशेब करताना कुणी बोललं की ओरडायचे. आता कळतं का ते.

आता मूळ मुद्दा, तो 'ऐन'. सैफाबादच्या नाण्यांवर मधोमध चारमिनार असतो. त्याच्या मधल्या कमानीत नीट पाहिलंत तर एक अक्षर दिसतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या नाण्यावर तिथे 'मीम', महबूबचा म. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नाण्यावर 'ऐन', कारण उर्दूत उस्मान ऐननं सुरू होतं. राजाचा चेहरा नाही, पूर्ण नावही नाही, फक्त आद्याक्षर. (वर ९२ हा आकडाही असतो. तो साल नव्हे. 'मुहम्मद' या नावातल्या अक्षरांची अबजद पद्धतीनं येणारी बेरीज.) दुसऱ्या बाजूला फारसीत किंमत, राज्यारोहणाचं वर्ष आणि टांकसाळीचं नाव, तेही बिरुदासकट: फरखुंदा बुनियाद हैदराबाद.

उस्मान अली खान २९ ऑगस्ट १९११ ला गादीवर आले. हिजरी तारीख ४ रमजान १३२९. टांकसाळीत घाईघाईनं मीमच्या जागी ऐन बसवला गेला असावा, कारण सुरुवातीच्या काही नाण्यांवर तो ऐन अपुरा आहे, नुसता अर्धवट आकडा. पुढच्या साच्यांत तो पूर्ण झाला. संग्राहकांच्या सूचीत हे दोन वेगळे प्रकार आहेत. आणखी गंमत म्हणजे नाण्यावर दोन सालं असतात, हिजरी आणि कारकीर्दीचं. हिजरी साल मोहरमला बदलतं, कारकीर्दीचं रमजानला. त्यामुळे एकाच हिजरी सालात कारकीर्दीची दोन वर्षं येतात आणि १३२९ सालात पहिल्या वर्षाला जेमतेम चार महिने मिळतात, कारण डिसेंबर १९११ मध्ये १३३० सुरूच झालं. डेटाबेसवाल्यांना हे लगेच समजेल. दोन रकान्यांची किल्ली आहे, आणि दोन्ही रकाने वेगवेगळ्या दिवशी बदलतात.

तिकडे कळदारचंही त्याच साली हसं झालं होतं. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, इतका गवगवा झाला की नाणी मागे घेऊन वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती नव्यानं कोरला. (थैलीतला कळदार १९१८ चा निघाला. हत्ती व्यवस्थित. थोडा निराश झालो.)

भिंगाखाली अकरा रुपयांची वर्गवारी अशी झाली: तीन मीमवाले, पाच पूर्ण ऐनवाले, दोन १३६२ चे, म्हणजे १९४३ चे, ज्यांत युद्धामुळे चांदी निम्म्यावर आणलेली. मीमवाल्या तिघांपैकी दोघांना वर सोनारानं कडी डागलेली. आजी ती कधीतरी गळ्यात घालत असणार. किनवट-माहूरकडे बंजारा बायकांच्या अंगावर असे कडीचे रुपये मी लहानपणी पाहिलेत. डागलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी बाद, म्हणून ती दोन मी लगेच बाजूला ठेवली.

आणि अकरावा. साल १३३०, कारकीर्द १, कमानीत अर्धा ऐन.

पण हे नाणं चकचकत होतं. इतर सगळी काळपट आणि हे एकटंच लग्नातल्या भांड्यासारखं. दोन मिनिटं आनंदात गेली आणि मग आठवलं. मी सहावीत होतो. नांदेडला शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन होतं आणि मी सुट्टीत लातूरला आलो तेव्हा आजीनं मला थैलीतला एक रुपया दिला होता. घरी जाऊन मी तो चिंच लावून, वर भांड्याच्या राखेनं, तब्बल दुपारभर घासला होता. बक्षीसही मिळालं होतं. चांदीवर शंभर वर्षांत जो थर चढतो तो संग्राहकाला हवा असतो. घासलेल्या नाण्यावर भिंगातून बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं आणि ते कशानंही जात नाही. थैलीतलं सगळ्यात चांगलं नाणं मीच बिघडवून, शाबासकी घेऊन, आजीला परत केलं होतं. तिनं तेव्हा फक्त "लख्ख केलास रे" म्हटलं होतं.

चौकोनी आण्यांकडे माझं लक्ष शेवटी गेलं. कांस्याचे, किंमत फार नाही. पण त्यातल्या एकावर १३६८. हिजरी १३६८ सुरू झालं नोव्हेंबर १९४८ मध्ये. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८. म्हणजे निजामानं शरणागती पत्करल्यानंतरही सैफाबादची यंत्रं त्याच्याच नावाची चिल्लर पाडत होती! राज्य चार-पाच दिवसांत बदलतं, सुट्ट्या पैशांचं तसं होत नाही. भारतीय रुपया १९५० मध्ये हालीच्या जोडीला आला, १९५१ मध्ये हाली पाडणं थांबलं, पण रद्द व्हायला १९५९ उजाडलं. मधे १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. तेव्हाच्या लातूरकर दुकानदाराच्या गल्ल्यात हालीचे आणे, सरकारी आणे आणि नवे पैसे एकत्र असणार, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. त्याच्या जागी मी असतो तर दुकान बंद केलं असतं. आजीनं ही थैली बदलून का घेतली नाही हे विचारायचं राहून गेलं.

सैफाबादची टांकसाळ १९५० मध्ये भारत सरकारकडे आली, पुढे १९९७ मध्ये काम चेर्लापल्लीला गेलं आणि जुन्या इमारतीत २०२२ पासून संग्रहालय आहे. तुमच्या खिशातल्या रुपयावर सालाखाली चांदणी असेल तर तो हैदराबादचा. बघा आत्ता.

आठव्या दिवशी मी मामांना फोन करून सगळं सविस्तर सांगितलं. मीम, ऐन, रमजान, मोहरम. ते शांतपणे ऐकत होते. "म्हणजे हे घासलेलं बी ठिवायचं?" घासलेलं सगळ्यात आधी ठेवा, मी म्हणालो. "आन् ते कडीवाले?" मी सवयीनं म्हणून गेलो, "त्यांना संग्राहकांत काही किंमत नसते, मामा."

पुढच्या महिन्यात लातूरला गेलो तर मामांची नात घरभर छुमछुम करत फिरत होती. "तूच म्हणलास किंमत न्हाई म्हणून, मग तेवढे दोन दिले," मामा म्हणाले. "बाकीचे हायेत ट्रंकेत. बघालास का?"

पैंजण सुरेख झालेत. त्या दोन नाण्यांची सालं मात्र मी लिहून घेतली नव्हती.