हयातीचा दाखला

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच आमच्या थोरल्या मामांचे सरकारशी वार्षिक भांडण सुरू होते. मामांचे घर दापोलीला, आणि दापोली म्हणजे कंपनी सरकारच्या अमदानीपासून पेन्शनर शिपायांचे गाव. १९७१ च्या लढाईत मामांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून त्यांना जखमी सैनिकाची पेन्शन मिळते. ती पुढे चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि तिथेच मामांचे पित्त खवळते. "पाय गेल्याचा कागद एकदाच केला," ते म्हणतात, "पण जीव आहे याचा कागद मात्र दरसाल! माझ्या मरणाची यांना एवढी घाई का?"

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघे दिवाळीसाठी मामांच्या लेकीकडे, कॅनडात टोरांटोला गेलो होतो. सातासमुद्रांपलीकडे तरी हा ससेमिरा सुटेल असे मामांना वाटले असावे. पण नोव्हेंबर उजाडला आणि लेकीने त्यांना कोट-कानटोपी चढवून भारतीय वकिलातीत नेले. २०१४ पासून बोटाचा ठसा देऊनही हयातीची नोंद करता येते, हे त्यांना सांगून झाले होते. परंतु यंत्रापुढे जिवंत ठरण्याची त्यांची तयारी नव्हती. वकिलातीत रांग होती. सगळी मंडळी मामांच्याच वयाची. जाडजूड कोटांखालून लुगड्यांचे काठ डोकावत होते. मामांचा नंबर लागला तेव्हा त्यांनी काठी बगलेत धरून कडक सलाम ठोकला. समोरचा तरुण अधिकारी हसत उठून उभा राहिला, आणि शिक्का बसला.

परतताना मोटारीत मामा म्हणाले, "काय रे, तू जन्मभर पोरांना इतिहास शिकवलास. परमुलखात बसलेल्या लंगड्या शिपायाला घरचे सरकार पैसे पोचवते, आणि वर तो जिवंत आहे का म्हणून विचारते. ही रीत पडली तरी कशी?"

मला उत्तर देता आले नाही. मास्तराला उत्तर न येणे म्हणजे पायात काटा मोडण्यासारखेच. पुढचे पंधरा दिवस मी तिथल्या ग्रंथालयात घालवले, आणि ज्या देशात आम्ही पाहुणे होतो त्याच देशात या प्रश्नाच्या उत्तरातले सर्वांत दुःखद प्रकरण घडले होते असे ध्यानात आले. तेच आज वाचकांना सांगावयाचे आहे.

गोष्टीचा आरंभ लंडनजवळच्या चेल्सी येथे होतो. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६८२ साली म्हाताऱ्या व जायबंदी शिपायांसाठी तेथे एक आश्रयगृह उभारावयास घेतले. सेंट पॉलचे मंदिर बांधणारा ख्रिस्तोफर रेन हाच त्याचाही वास्तुकार. १६९२ मध्ये पहिले शिपाई तेथे राहावयास आले. परंतु जागा चार-पाचशे माणसांची, आणि लढायांतून परतणारे लुळेपांगळे हजारोंनी. तेव्हा ज्यांना आत जागा नाही त्यांनी आपापल्या गावी राहावे व रोजचे काही पेन्स चेल्सीच्या खात्यातून घ्यावे, अशी सोय झाली. हे 'बाहेरचे पेन्शनर'.

सोय चांगली, पण तिच्यात एक खोट होती. पेन्शनचा पहिला हप्ता हाती पडावयास वर्ष लागे. तोवर खायचे काय? शिपाई सावकाराच्या दारी जाई, आणि पुढची पेन्शन त्याच्याकडे गहाण पडे. आपल्याकडे उभे पीक सावकाराच्या घशात जाते, त्यातलाच हा प्रकार. १७५४ साली थोरला विल्यम पिट हा लष्कराचा खजिनदार असताना त्याने पार्लमेंटात कायदा आणला. पेन्शन सहा महिन्यांची आगाऊ द्यावी आणि ती गहाण ठेवण्याचा व्यवहार रद्द समजावा, असे त्यात होते. पुढे १८०६ च्या कायद्याने जायबंदी झालेल्या किंवा ठरावीक मुदत चाकरी केलेल्या शिपायाला पेन्शन हक्काने मिळू लागली. तोवर ती कृपा होती. आता ते देणे झाले.

कृपा आवरती घेता येते, देणे आवरता येत नाही. १८१५ मध्ये नेपोलियनची युद्धे संपली, पलटणी मोडल्या, आणि १८२० नंतरच्या दशकात बाहेरच्या पेन्शनरांची संख्या ऐंशी हजारांच्या पुढे गेली. कुणाला रोज सहा पेन्स, कुणाला नऊ, कुणाला शिलिंग. आकडे चिमुकले, पण बेरीज करणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी असे. त्यात ही मंडळी लवकर मरेनात! तेव्हा १८३० च्या सुमारास लंडनच्या कारभाऱ्यांना एक युक्ती सुचली. पेन्शनरांनी आपली जन्माची पेन्शन सरकारला विकावी. चार वर्षांच्या पेन्शनइतकी रक्कम एकदम घ्यावी. आणि कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियाकडच्या वसाहतींत जाऊन जमीन कसावी. इंग्लंडातली गर्दी कमी होईल, खजिन्याचा भार उतरेल, वसाहतीला माणसे मिळतील. कागदावर सगळ्यांचेच भले!

हिशेब करून पाहा. रोजचे सहा पेन्स म्हणजे वर्षाचे सव्वानऊ पौंडही होत नाहीत. चार वर्षांचे साडेछत्तीस पौंड. त्यातले काही निघण्यापूर्वी आणि उरलेले वसाहतीत पोचल्यावर. ज्याने जन्मात दहा पौंड एकत्र पाहिले नाहीत त्याला साडेछत्तीस पौंड म्हणजे कुबेराचा खजिना वाटला तर नवल नाही. सुमारे चार हजार शिपायांनी अंगठे उठवले, सह्या केल्या. त्यांतले बहुतेक कॅनडाच्या वाटेला लागले.

आता या माणसांकडे पाहा. पेन्शन मिळाली होती ती कुणाचा हात गेला म्हणून, कुणाचा पाय निकामी झाला म्हणून, कुणाची दृष्टी अधू झाली म्हणून. अशा माणसांना शंभर एकर जमिनीचे आश्वासन मिळाले, आणि ती जमीन म्हणजे निबिड अरण्य. तिथे आधी गगनाला भिडलेली झाडे तोडायची, मग बुंधे जाळायचे, मग पेरणी. आणि वर्षातले पाच महिने बर्फ. धडधाकट शेतकरी जिथे टेकीस येई तिथे हे पलटणीत वाढलेले, नांगर न धरलेले लोक काय करणार! शेकडो माणसे त्या जमिनीपर्यंत पोचलीच नाहीत. बंदरात उतरताक्षणी हातात रोकड, आणि भोवती गुत्तेवाले व ठक. त्यात १८३२ साली क्वेबेक आणि माँट्रियल येथे पटकीचा हाहाकार उडाला. कुणी साथीत गेले, कुणी दारूत, आणि उरलेले बायकापोरांसह रस्त्यावर भीक मागू लागले.

त्या वेळी अप्पर कॅनडाचा लेफ्टनंट गव्हर्नर होता सर जॉन कोलबोर्न. वॉटर्लूच्या रणात पलटण घेऊन चाललेला आणि स्वतः पूर्वी खांद्याला गोळी खाल्लेला हा माणूस. जुन्या सोबत्यांची ही दैना त्याला पाहवेना. ह्युरॉन सरोवराच्या काठी, टोरांटोच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर पेनेटँग्विशीन नावाचे लष्करी ठाणे होते. त्याच्या आसपास यांच्यातल्या कित्येकांना वसवण्यात आले. १८३७ च्या उन्हाळ्यात ॲना जेम्सन ही इंग्रज लेखिका तेथे आली, आणि पुढच्याच वर्षी लंडनात निघालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तिने या पेन्शन विकलेल्या शिपायांची करुण दशा लिहिली. दोष शिपायांच्या दारूला देऊन मोकळे होणारे पुष्कळ होते. अशा माणसांशी असा सौदा केलाच का, असे विचारणारी ही बाई निघाली. कालांतराने वाचलेल्यांना तुटपुंजा दैनिक भत्ता मंजूर झाला. पण तोवर बहुतेकांची माती झाली होती.

याच सुमारास दुसऱ्या टोकाची एक गंमत उजेडात आली. अलेक्झांडर टुलक नावाचा एक लष्करी अंमलदार होता. हिंदुस्थानात असताना शिपायांना मिळणाऱ्या निकृष्ट मालाविरुद्ध त्याने आवाज उठवला होता. पुढे लष्कराची आकडेवारी तपासताना त्याला दिसले की, पेन्शनर हे फारच दीर्घायुषी असतात! शोध घेता कळले, की म्हातारा केव्हाच निजधामास गेलेला असे, आणि नातेवाईक त्याच्या नावाने पेन्शन उचलत असत. म्हणजे कॅनडात जिवंत माणसे पेन्शनवाचून मरत होती, आणि इंग्लंडात मेलेली माणसे पेन्शनीवर जगत होती.

टुलकच्या खटपटीने १८४० नंतर पेन्शनरांची नवी व्यवस्था लागली. जिल्ह्याजिल्ह्याला अधिकारी नेमले. पेन्शनर समोर उभा राहून पैसे घेऊ लागला. आणि परदेशी जाणाऱ्याला पेन्शन विकावयास न लावता ती त्याच्यामागून पाठवण्याची रीत पडली. १८४७ पासून सातशेहून अधिक पेन्शनर शिपाई बायकामुलांसह न्यूझीलंडात ऑकलंडजवळ ओनेहुंगा, हॉविक, पनमुर, ओटाहुहू या गावी वसले. त्यांना घर, एकरभर जमीन आणि सात वर्षांची हलकी चाकरी. पेन्शन मात्र चालूच. १८५० पासून पश्चिम ऑस्ट्रेलियात कैद्यांच्या जहाजांवर पहारेकरी म्हणून असेच पेन्शनर गेले. तेही सुखात लोळले असे नव्हे, पण दुष्काळाच्या वर्षीही हप्ता येई, आणि चूल पेटे.

आज आपल्याकडेही हीच रीत आहे. आपल्या सैन्यातून निवृत्त होऊन नेपाळात परतलेल्या गुरख्यांना काठमांडू, पोखरा आणि धरान येथील भारतीय कचेऱ्यांतून पेन्शन मिळते. पेन्शन विकण्याची मुभा आजही आहे, पण सगळी विकता येत नाही. केंद्र सरकारच्या पेन्शनराला विकलेला हिस्सा पंधरा वर्षांनी पुन्हा मिळू लागतो. या अटी घालणाऱ्यांना त्या चार हजारांची नावे ठाऊक असतील-नसतील. शहाणपण मात्र तेच आहे.

कॅनडातून निघण्यापूर्वी मी मामांना घेऊन पेनेटँग्विशीनला गेलो. झाडे निष्पर्ण झाली होती, पाण्यावरून झोंबरा वारा येत होता. लष्करी ठाण्याची जागा आता लोकांना दाखवण्यासाठी जपून ठेवली आहे. काठावरच्या बाकावर बसून मी मामांना ही सारी हकिकत सांगितली. आपल्या लाकडी पायावर काठीने टकटक करीत ते ऐकत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे या लोकांना जिवंत आहात का म्हणून कुणी विचारलंच नाही?"

"नाही," मी म्हणालो. "हिशेब मिटला होता. कशाला विचारतील?"

मामा पुन्हा काही बोलले नाहीत. हयातीचा दाखला मागणे हा अपमान आहे, असे मलाही इतकी वर्षे वाटत होते. त्या बाकावर बसल्यावर मात्र उमगले, की ज्याचे देणे फिटलेले नाही तोच धनी तुमची खबर घेतो. तुम्ही जिवंत आहात की नाही याने ज्याला काडीचाही फरक पडत नाही, तो दाखला मागत नाही.

यंदा मामा दापोलीतच आहेत. परवा त्यांचा फोन आला. नोव्हेंबर जवळ आला म्हणून सरकारला पहिल्यासारख्याच शिव्या घालून झाल्या. मग थोडे थांबून म्हणाले, "पदकांचा कोट धोब्याकडे टाकलाय. दाखल्याला जाताना घालीन म्हणतो."