सनदी परीक्षेची तीन दारे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी मला आठवीत व्याकरण शिकविले. आज मी सनदी सेवेच्या स्पर्धा परीक्षेचा इतिहास हा विषय निवडला, तेव्हा मराठीच्या प्राध्यापकाचा याच्याशी काय संबंध, असे काही स्नेह्यांनी विचारले. संबंध आहे, आणि तो गुरुजींनी सांगितलेल्या व माझ्या हातून न झालेल्या एका कामाशी आहे. त्याकडे मी शेवटी येईन.

आपल्या बडोद्याचे या परीक्षेशी नाते जुने आहे. श्री. अरविंद घोष १८९० साली लंडनच्या लेखी परीक्षेत अकरावे आले. परंतु घोडेस्वारीच्या परीक्षेस ते हजर राहिले नाहीत आणि १८९२ साली त्यांची निवड रद्द झाली. श्रीमंत सयाजीराव महाराज तेव्हा विलायतेत होते. त्यांनी या तरुणास आपल्या सेवेत घेतले. १८९३ पासून १९०६ पर्यंत अरविंदबाबू येथे राहिले, महाविद्यालयात त्यांनी शिकविले आणि मराठी व गुजराती भाषांचा अभ्यासही येथेच केला. १८६९ साली उत्तीर्ण झालेले रमेशचंद्र दत्त आणि बिहारीलाल गुप्त हे दोघेही पुढे या संस्थानचे दिवाण झाले. साम्राज्याने गाळलेला आणि साम्राज्याने निवडलेले, अशा दोहोंनाही या नगरीने काम दिले.

या परीक्षेला तीन दारे होती : स्थळ, वय आणि भाषा. ती एकामागून एक कशी उघडली, हाच तिचा खरा इतिहास होय.

कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने होणाऱ्या नेमणुका १८५३ च्या कायद्याने थांबल्या आणि १८५५ पासून खुली परीक्षा सुरू झाली. खुली म्हणजे कागदावर. ती लंडनमध्येच होत असे. हिंदी तरुणाने समुद्र ओलांडावा, जातीचा रोष पत्करावा आणि घरचे द्रव्य खर्चून, निवडीची खात्री नसताना, परदेशात राहावे, तेव्हा कुठे त्या दारापर्यंत पोचता येई. १८६२ साली सत्येंद्रनाथ टागोर आणि मनमोहन घोष विलायतेस गेले. १८६३ साली सत्येंद्रनाथ उत्तीर्ण झाले. ते पहिले हिंदी सनदी अधिकारी होत आणि त्यांची नेमणूक आपल्याच मुंबई इलाख्यात झाली. मनमोहन मात्र अयशस्वी ठरले आणि बॅरिस्टर होऊन परतले. परीक्षा भारतातही व्हावी, ही मागणी काँग्रेसने आरंभापासून केली. ती प्रत्यक्षात आली १९२२ साली, अलाहाबाद येथे.

दुसरे दार वयाचे. आरंभी कमाल मर्यादा २३ वर्षांची होती. पुढे ती उतरत गेली आणि १८७८ पासून १९ वर्षांवर आली. ज्या वयात आपला विद्यार्थी इंग्रजीत नुकता स्थिरावे, त्या वयात त्याने इंग्रज मुलांशी इंग्रजीत झुंजावे, असा हा न्याय. १८६९ साली सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि मुंबईचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांच्यावर वयाचाच आक्षेप आला. आपल्याकडे वय सांगताना चालू वर्ष धरतात. पंधरा पूर्ण झाली की ‘सोळावे लागले’ म्हणतात. या रीतीने नोंदलेले सुरेंद्रनाथांचे वय विलायतेच्या हिशेबात एका वर्षाने अधिक ठरले. दाद मागितल्यावरच या दोघांना न्याय मिळाला. एका भाषेतील साधा बोलण्याचा प्रघात दुसऱ्या भाषेच्या दरबारात अपराध ठरतो, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

येथून आपण तिसऱ्या दाराशी येतो. १८५५ च्या योजनेत ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते. संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. मराठीसारख्या देशी भाषा निवड झाल्यावर कारभारापुरत्या शिकावयाच्या. अशा परीक्षेतही १९१८ साली चिंतामणराव देशमुख पहिले आले, याचा आपणांस अभिमान आहे. पण एका असामान्य बुद्धीने दार ओलांडले म्हणजे दार उघडले, असे होत नाही.

स्वातंत्र्यानंतरही भाषेचे दार पुष्कळ काळ किलकिलेच राहिले. आठव्या अनुसूचीतील भाषांना परीक्षेत स्थान द्यावे, असे १९६८ च्या संसदीय ठरावाने सांगितले. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ साली अहवाल दिला आणि १९७९ पासून मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येऊ लागली. त्यापूर्वी, १९७४ साली, मी स्वतः या परीक्षेस बसलो होतो. ऐच्छिक विषयांची उत्तरे इंग्रजीत लिहिताना विचार पुढे धावे आणि शब्द मागे राहत. मी नापास झालो. त्याचा सारा दोष इंग्रजीला देणार नाही. माझी तयारीही अपुरी होती.

१९७९ च्या निर्णयानंतर गुरुजींनी मला घरी बोलाविले. त्यांच्यापुढे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ होता. कारभारातील शब्दांना आठ भाषांतील प्रतिशब्द देणारा हा कोश १९३१ साली येथे बडोद्यात सिद्ध झाला. गुरुजी म्हणाले, “दार उघडले आहे, पण आत जाणाऱ्याच्या हाती शिदोरी हवी. राज्यघटना आणि राज्यकारभार यांवर मुलांसाठी सोप्या मराठीत एक पुस्तक लिही.” मी होकार दिला. परंतु तेव्हा मी प्राचीन काव्यावरील प्रबंधात गुंतलो होतो, आणि खरे सांगायचे तर परीक्षेची पुस्तके लिहिणे मला कमीपणाचे वाटले. ते पुस्तक झाले नाही.

पुढे काही वर्षांनी शाळेचा एक माजी विद्यार्थी मराठीतून लिहिलेली सरावाची उत्तरे घेऊन आला. शब्द मराठी होते, वाक्ये मात्र इंग्रजी टिपणांवरून उतरविलेली. त्याने ‘न्यायिक पुनर्विलोकन’ लिहिले होते. अर्थ विचारला, तर तो गप्प झाला. विधिमंडळाने केलेला कायदा घटनेला धरून आहे की नाही, हे न्यायालय तपासू शकते, एवढेच त्याला आपल्या शब्दांत कुणी सांगितले नव्हते. तो नापास झाला. त्या अपयशात माझाही वाटा आहे, असे मी आजवर मानीत आलो.

भाषेचा वाद आजही मिटलेला नाही. २०११ साली पूर्वपरीक्षेत आलेल्या अभियोग्यता चाचणीतील इंग्रजी उताऱ्यांवरून २०१४ साली दिल्लीत उमेदवार रस्त्यावर उतरले. २०१५ पासून ती चाचणी केवळ पात्रतेपुरती राहिली. सरकारी निर्णयाने दार उघडते. उंबरठ्याच्या आतली तयारी मात्र समाजाला करावी लागते : पुस्तके, शिक्षक आणि कठीण गोष्ट सोपी करून सांगण्याची सवय.

महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या आपणा मराठी माणसांवर ही जबाबदारी अधिक आहे. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी महसूल, न्याय, अर्थ या खात्यांतून निवृत्त झाले आहेत. त्यांनी आपापल्या कामातील एकेक प्रकरण आठवीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत लिहून शाळेच्या ग्रंथालयाला द्यावे, अशी माझी विनंती आहे. पहिले प्रकरण मी स्वतः लिहून आणले आहे. विषय अर्थातच न्यायिक पुनर्विलोकन. ते आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. फार उशीर झाला, याची जाणीव आहे. गुरुजींनी लाल शाईने ‘विलंबाने सादर’ असा शेरा मारला असता, पण वही तपासली असती, एवढा मला विश्वास आहे.