चवदार तळे, हवेतल्या लहरी आणि वस्तीतला राउटर

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तसा ठरावही केला. कागदावर तळे मोकळे झाले. ओंजळभर पाणी प्यायला मात्र २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि कोर्टकज्जा १९३७ पर्यंत चालला.

हवेतल्या लहरींचे आज तेच झाले आहे. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांमुळे परवान्याशिवाय लहरींना हात लावता येत नव्हता. जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला, ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा मोठा भागही. म्हणजे छपरावर वायफायचा अँटेना लावून शेजारच्या वस्तीशी जाळे जोडायला परवाना लागत नाही. मग आपली जाळी कुठे आहेत?

सेलूतल्या एका अभ्यासिकेसाठी असे जाळे उभे करायचे म्हणून आम्ही यंत्रे शोधू लागलो, तेव्हा हा इतिहास आधी वाचावा लागला. २००७ मध्ये कर्जत तालुक्यातल्या खैराट या पाड्यावरच्या शाळेत 'एका मुलाला एक लॅपटॉप' योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. टॉवर नसतानाही ते एकमेकांशी थेट बोलत. एकाचा निरोप दुसरा पुढे नेई. कल्पना उत्तमच! पण १०० डॉलरचे म्हणून गाजवलेले यंत्र प्रत्यक्षात दुप्पट किमतीच्या जवळ गेले, आणि ते कसे असावे हे पाड्यावर कुणाला विचारून ठरले नव्हते. त्याआधी १९९८ मध्ये वारणानगरला सत्तर गावांत संगणक बसले. पुढे लक्षात आले की शेतकऱ्याला हवी ती माहिती साध्या मोबाइलच्या एसएमएसवर भागते. आम्हाला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. ती नोंद सभासदाच्या उसाची. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला त्या पडद्यापुढे काय काम होते?

म्हणून काम आधी, यंत्र नंतर. आमचे काम साधे: स्पर्धा परीक्षेची पुस्तके, शिष्यवृत्तीचे अर्ज, बाबासाहेबांचे खंड वस्तीतल्या कुठल्याही फोनवर, रिचार्ज संपला तरी, उघडावेत.

२००३ मध्ये लिंकसिस कंपनीला आपल्या राउटरचा कोड खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे राहिले. तेव्हापासून स्वस्त राउटर मालकाच्या हुकमात आणता येतो. पण स्वस्तातही फरक आहे. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचा जुना राउटर फुकट मिळाला तरी घेऊ नये, नवे ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावत नाही. निदान १६ आणि १२८ बघावे. दोन पट्ट्यांचा हवा. एकाच रेडिओने ऐकायचे आणि पुढेही पाठवायचे, तर प्रत्येक टप्प्याला वेग जवळपास निम्मा होतो. आणि विकत घेण्याआधी नेमके मॉडेल, त्याची आवृत्तीसुद्धा, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत पाहावी. एकाच नावाच्या खोक्यात दोन वेगळी यंत्रे निघतात, आम्ही एकदा फसलो आहोत.

पुस्तके ठेवायला सगळे रास्पबेरी पाय सुचवतात. २०१२ मध्ये तो ३५ डॉलरला आला, चांगलाच आहे. पण आमचे मत जुन्या लॅपटॉपच्या बाजूने. वीज गेली की पायचे मेमरी कार्ड बिघडण्याची भीती. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, ती अर्धी मेली असली तरी नीट बंद होण्याइतका वेळ मिळतो. राउटर बहुधा १२ व्होल्टवर चालतो, त्याला इन्व्हर्टर कशाला? ७ अँपिअर-तासाची छोटी बॅटरी भारनियमनाचे चार-पाच तास सहज काढते.

खरी अडचण यंत्राची नाही, छपराची आहे. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पत्रा आणि भरगच्च कडुनिंब आडवा येतो. अँटेना उंचावर हवा. उंच इमारती बाजारपेठेत, आमची घरे पत्र्याची. एका सज्जनाने गच्ची देऊ केली, फक्त किल्ली त्यांच्याकडे राहील म्हणाले. काही पोरांना ते पटले. आम्ही नको म्हटले आणि विहाराच्या आवारात लोखंडी पाइपचा खांब उभा करायचे ठरवले. वेल्डिंगवाला आपल्याच वस्तीतला आहे, पाइपाची वर्गणी अजून अर्धीच जमली आहे.